जॉबरमामांचा हात

जॉबरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरच्या फ्रिजला हात लावतात. चहा नंतर, ‘बरं हाय का’ नंतर. चपला दाराशी निघतात न निघतात तोच मामा सरळ स्वयंपाकघरात शिरतात, फ्रिजच्या कुशीवर उजवा तळहात टेकवतात आणि डोळे मिटतात. घरची बाई पाण्याचा पेला हातात धरून निकालाची वाट बघत उभी राहते.

“पाय टेकत न्हाई ह्याचा. मागचा डावा. पुठ्ठा घाला की.”

पुठ्ठा घातला की दोन वर्षं गुरगुरणारा फ्रिज गप्प होतो. मग सगळे मामांकडे बघतात, आणि मामा कपाळाला आठी घालून पाणी पितात, जणू काही झालंच नाही.

एकदा ते भाच्याच्या लग्नाच्या बोलण्यांना गेले होते. बाहेर मानपानावरून वातावरण तापलेलं. दोन्हीकडची मंडळी एकमेकांची तोंडं चुकवत बसलेली. तेवढ्यात मामा आतून आले आणि भर बैठकीत मोठ्यांदा म्हणाले, “पोरगी चांगली हाय. मिक्सरचं बुश गेलंय.” सगळे हसले, बोलणी पुढे सरकली, लग्न ठरलं. साखरपुड्याला मामा नवं बुश खिशात घालून गेले आणि जेवणाआधी बसवून मोकळे झाले.

माझ्यावरही हा प्रयोग झालेला आहे. मला ताप होता म्हणून मामा बघायला आले, आणि विचारपूस सोडून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “उजवीकडं घरघर हाय.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी लावून तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. मला मामांचा राग आला होता हे मी इथे कबूल करतो. आपली पाठ म्हणजे काय फ्रिज आहे?

मामांचं खरं नाव नरसय्या. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पस्तीस वर्षं टॉवेल-चादरीच्या मागांवर जॉबर म्हणून काढल्यावर ते नाव फक्त रेशनकार्डावर उरलं. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग बिघडला, धागा सारखा तुटायला लागला, कापडात रेघ पडली की जॉबरला हाक मारायची. खरं तर हाक मारून उपयोग नसतो. चाळीस माग एका छपराखाली धडधडत असताना शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. तिथे माणसं ओठ बघून बोलतात आणि यंत्र हाताने ऐकतात. मामांचे कान त्या धडधडीत केव्हाच गेले. ते सांगतात, “कान मालकाच्या शेडमधी ठिवून आलो. हात तेवढा घरी आणला.”

तेव्हा मामांशी बोलायचं तर समोर उभं राहून तोंड हलवायचं, ते बरोबर ओळखतात. पाठमोरं बोललात तर ओरडतात, “माझ्याकडं बघून बोला की!” त्यांचा स्वतःचा आवाज मात्र अजून शेडमधलाच आहे. मामांनी कुणाला कानात काही सांगितलं की ते पुढच्या गल्लीत कळतं.

मामांचा आणखी एक नियम आहे: एका टायमाला एकच. माग बिघडला तर एकदम चार नट फिरवायचे नाहीत. एक फिरवायचा, हातभर कापड विणायचं, बघायचं, मग दुसरा. मामी जेव्हा आमटीत एकदम मीठ आणि तिखट टाकतात तेव्हासुद्धा मामा अस्वस्थ होतात. बिघडली तर कशाने बिघडली हे कळणार कसं?

या नियमाशी आणि त्या हाताशी माझा जवळून संबंध आला तो एका ट्रकमुळे. तो ट्रक कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा होता.

मामांची एकुलती एक मुलगी लावण्या माझी विद्यार्थिनी. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे तक्ता कसा आखायचा आणि अक्षर जाड कसं करायचं हे मुलांना सांगतो. लावण्या तासाला चोरून गेम खेळायची म्हणून मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती बंगळुरात एका कंपनीत गेम तपासायचं काम करते. दिवसभर गेम खेळायचे आणि कुठे बिघडतंय ते सांगायचं. थोडक्यात, जॉबरच.

ती गेली आणि घरात फोन सुरू झाले. म्हणजे तिच्याकडून सुरू झाले. मामांना फोनवर काही ऐकू येत नाही, आणि व्हिडिओत चित्र थांबत थांबत येतं, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. मग मामा सगळ्याला एकच उत्तर द्यायचे, “हां, हां. लई चांगलं.” एकदा ती म्हणाली, “नायना, मला डेंग्यू झाला होता.” नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत बाबा. नायना उत्तरले, “लई चांगलं केलंस. असंच कर.” त्या दिवशी ती पोट धरून हसली. मामी मला नंतर म्हणाल्या, “हसून झाल्यावर रडली बगा सर. मला दिसलं. ह्यांना न्हाई दिसलं.”

गेल्या दिवाळीला ती आली ती खोकी घेऊन. मोठा कॉम्प्युटर, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग, पायाखाली दाबायच्या पट्ट्या आणि पिठाच्या डब्याएवढा काळा स्पीकर. स्पीकर बघून मी मनात म्हटलं, पोरगी हुशार, पण हिशेबात चुकली. ठार बहिऱ्या माणसाला एवढा स्पीकर! मी ते बोललो नाही, पण हसलो, आणि तिने ते पाहिलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता बाप-लेक ट्रक चालवायला लागले. ती बंगळुरात बसून, मामा इथे. गेम भारी होता. डोंगर, पाऊस, धुकं, देवदाराची झाडं, ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. बोलायची गरज नाही, ‘काय म्हणालीस’ नाही. एकाच रस्त्यावर दोघांचे दोन ट्रक, एवढंच. ती तिकडून तेलुगूत काहीबाही बोलत असायची. मामा रस्त्यावर नजर ठेवून गप्प. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा शेजारच्या स्पीकरवर. मामांचा एक हात कुठल्या तरी यंत्रावर असणारच, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही. वाईट वाटायचं ते पोरीचं. तासभर भिंतीशी बोलल्यासारखं बोलत राहायचं.

मामांचा हट्ट एकच. त्यांचा ट्रक पुढे, तिचा मागे. एकदा तिने गंमत म्हणून पुढे काढला, तर मामांनी भर घाटात ट्रक उभा केला आणि हाताची घडी घालून बसले. ती वळून मागे आली तेव्हाच गाडी हलली. मी म्हटलं, या वयातही बापपणा सुटत नाही.

उन्हाळा लागला आणि ट्रक लंगडायला लागला. पहिली पंधरा-वीस मिनिटं छान जायची. मग एकाएकी चित्र अडकायचं, ट्रक इथे होता तो एकदम तिथे दिसायचा, मागून येणारी लावण्या धाडकन येऊन आदळायची. आवाजही फाटायचा. तिचं एखादं वाक्य तीन तुकड्यांत यायचं, मधला तुकडा गायब.

“सर, लंगडतंय,” मामा माझ्या दारात उभे. “तुमी कॉम्प्युटरचे सर हाय की. चला.”

मी गेलो. मला या विषयातलं काही कळत नाही हे सांगायला हवं होतं. पण कॉम्प्युटरच्या सरांनी ते कबूल करायचं म्हणजे अवघड.

पहिल्या रविवारी मी चित्राचा दर्जा कमी केला. झाडांची पानं गेली, पाऊस थांबला, डोंगर पुठ्ठ्याचे झाले. मामांनी बघितलं आणि म्हणाले, “दुष्काळ पडला. पण लंगडणं हाय तसंच.” मी लगेच दुसरं काही बदलायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. “एका टायमाला एकच!”

“मामा, मग उद्या करू. रोज एकेक करून बघू.”

“रिकाम्या मागावर काय कळतंय? लावण्या आली की ताणा लागतो. तवाच बगायचं.”

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, ते लागल्याशिवाय कापड विणलं जात नाही. म्हणजे दर आठवड्याला एक दुरुस्ती. मामांनी वही केली. त्यात तारीख, काय बदललं, आणि पुढे ‘लंगडतंय’. एका रविवारी वायफाय काढून जाड वायर ओढली. लंगडतंय. एका रविवारी मागे चालणारे सगळे कार्यक्रम बंद केले. लंगडतंय. चित्राच्या कार्डाचं सॉफ्टवेअर नवं घातलं, त्या दिवशी दहा मिनिटं आधीच लंगडलं. गल्लीतले सल्लागारही जमायला लागले. एकाने नजर लागल्याचं सांगितलं. मामांनी वहीत तेही लिहिलं, पण ‘नंतर बगू’ म्हणून.

लावण्याने तिकडून नीट विचारलं होतं. “सर, कॉम्प्युटरचं कॅबिनेट गरम होतंय का? तेवढं बघा.”

मी मामांना विचारलं. मामांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले. “जराशी ऊब हाय. चादरीची असती तेवढीच.”

मी तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, “नायनांनी हात लावून सांगितलं ना? मग गरम नसणार. दुसरं काही तरी आहे.”

आम्हा तिघांनाही त्यात काही खटकलं नाही. मामांच्या हातावर सगळ्या गल्लीचा विश्वास, तिचा तर जन्माचा.

मग एके दिवशी तिचा मेसेज आला. ‘सर, मागच्या रविवारी अर्ध्या तासातच नायनांनी स्टिअरिंग सोडून दिलं. त्यांना याचा त्रास होतोय. हे आपण बंद करू या. मी पूर्वीसारखा फोन करत जाईन.’

मी तो मामांना सांगायला गेलो. समोर उभा राहून सावकाश तोंड हलवलं. ‘फोन’ हा शब्द माझ्या ओठांवर त्यांनी इतक्या पटकन ओळखला की पुढचं मला बोलावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला. मामी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, त्यांचा दोरा हातातच राहिला.

“फोनवर काय करू मी?” मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नाही. “हां हां करू? ती आजारी पडली तर लई चांगलं म्हणू?”



“आणखी एक रविवार मागा तिच्याकडं, सर. एकच.”

मी मागितला. ती बरं म्हणाली.

त्या रविवारी मी मेमरीची पट्टी एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालायचं ठरवून गेलो होतो. ती पट्टी मी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. मामा म्हणाले, आधी जसं हाय तसं चालवू, लंगडलं की थांबू, मग बदला. अकरा वाजता ट्रक निघाले. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. अर्धा तास झाला. घाट आला, पाऊस आला, धुकं आलं. मी मारे पानं, पाऊस सगळं परत आणून ठेवलं होतं. ट्रक लोण्यातून जावा तसा चालला होता. पाऊण तास!

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. मामा भडकले.

“थांबा! काय बदललं?”

“काही नाही मामा. मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग बरं कसं झालं? आपोआप बरं झालेलं मशीन आपोआप बिगडतंय. कुणी काय बदललं सांगा!” ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागे लावण्याचाही. मामांनी वही उघडली, माझी उलटतपासणी झाली, मग उंबऱ्यावरच्या मामींची.

“मी कशाला हात लावू त्या मशिनला?” मामी वैतागल्या. “चादर तेवढी धुवाय काढली सकाळी. मळली हुती.”

चादर.

आता ही चादर मी तुम्हाला आधी का दाखवली नाही, तर मलाच ती दिसली नव्हती. सोलापुरात चादर कुणाला दिसत नाही. मामांच्या घरी टीव्हीवर चादर, शिलाई मशिनवर चादर, दिवाणावर चादर, फ्रिजवर टॉवेल. मागच्या बाजूला एकाची टॉवेलची शेड आहे, तिथून सुताची बारीक धूळ दिवसभर खिडकीतून येते, म्हणून प्रत्येक वस्तू झाकलेली. आणि लेकीने दिलेल्या मशिनला मामांनी घरातली सगळ्यांत भारी चादर घातली होती. स्वतःच्या हातची, मोरांची, दुहेरी जाड. चारी बाजूंनी गुंडाळून, पाठीमागे गाठ मारून. मी इतके रविवार त्या चादरीत हात घालून वायरी जोडत होतो आणि ती बाजूला करावी असं माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

मामी गच्चीवरून चादर घेऊन आल्या. उन्हाने ती कधीच वाळली होती. मामांनी ती स्वतः पूर्वीसारखी कॅबिनेटला गुंडाळली, गाठ मारली आणि म्हणाले, “चला.” ट्रक निघाले. सतरा मिनिटांनी लंगडायला लागले. चादर काढली. थोड्या वेळाने पुन्हा लोणी.

मग मामांनी उघड्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तोच तळहात त्यांनी बाजूला पडलेल्या चादरीवर ठेवला.

“सर,” ते म्हणाले, “एवढं दिस मी चादरीला हात लावत हुतो.”

सोलापुरी चादर ऊब देते, हा त्या चादरीचा गुणच. मामांच्या हाताला ऊब लागली ती त्यांनी चादरीच्या नावावर टाकली. आम्ही कॅबिनेटची बाजू उघडली. पंख्यांच्या जाळीवर सुताचा पांढरा थर बसला होता, बोटाने उचलला तर अख्खा निघाला, गादीत भरावा असा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागांतली पिंज काढणारा माणूस तो थर हातात घेऊन उभा होता.

“गावाच्या फ्रिजला हात लावत हिंडतंय,” मामी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मग मामाही हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो, कारण ती मेमरीची पट्टी काढायची आता गरज नव्हती.

या सगळ्यात लावण्या तिकडे ताटकळत होती. “एमैंदी, नायना? एमैंदी?” काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. मी माइकपाशी जाऊन तिला सगळं सांगितलं. चादर, गाठ, पिंज, हात. मामा खुर्चीत येऊन बसले होते, माझी पाठ त्यांच्याकडे होती. डावा हात त्यांनी सवयीने स्पीकरवर ठेवला. पडद्यावर नुसता रस्ता आणि दोन उभे ट्रक.

“हसती हाय,” मामा म्हणाले.

मी वळून बघितलं. ती हसत होती खरी. पण मी मामांना अजून काही सांगितलं नव्हतं.

“मामा, तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी स्पीकरवरच्या हाताकडे बघितलं, चोरी सापडल्यासारखं.

“शाळेत सोडाय जायचो हिला. तुमच्याच शाळेत. दुसरी पाळी असली की सकाळी मीच. सायकलवर मागं बसायची. माझ्या पाठीला गाल लावून घर ते शाळा बोलायची. माझं कान तवाच गेलते. पण पाठीत कळायचं. कवा रुसली, कवा खुशीत हाय, कवा खोटं सांगती.”

“आणि शब्द?”

“शब्द तिच्या आईला सांगती की.” मग ते स्पीकरकडे मान करून म्हणाले, “हे तसंच लागतंय हाताला. म्हणून तिला मागं ठिवतो. मागनं बोलल्यासारखं वाटतंय. लंगडायचं तवा तुकडं तुकडं व्हायचं सगळं. ट्रकचं काय हो सर, ट्रक थांबला तर थांबला.”

मी घरी आलो तो फार हलका होऊन आलो. पण दिवाळीत त्या स्पीकरला हसलो होतो ते मनातून जाईना. संध्याकाळी लावण्याला मेसेज केला. ‘तुला कदाचित माहीत नसेल, तुझे नायना गेम खेळताना सारा वेळ एक हात स्पीकरवर ठेवतात.’

तिचं उत्तर लगेच आलं.

‘माहीत आहे सर. म्हणून तर मोठा आणला.’